शाळेपर्यंत पोहोचणेच अवघड असलेल्या विद्यार्थ्यांची ने-आण : नव्या समन्वयकासाठी मार्गदर्शक

शाळेच्या ने-आणीचे काम पहिल्यांदाच अंगावर आले की बहुतेक जण आधी गाडी शोधायला निघतात. किती आसनांची गाडी हवी, ठेका कोणाला द्यावा, महिन्याला किती खर्च येईल, हे प्रश्न खरे असले तरी त्यांची वेळ बरीच नंतर येते. ज्या मुलाला नीट चालता येत नाही, ज्याला केव्हाही आकडी येऊ शकते, ज्याचे कुटुंब सध्या निवारागृहात राहते किंवा कामाच्या शोधात दर काही महिन्यांनी जागा बदलते, त्या मुलाचा प्रवास घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो आणि वर्गातल्या बाकावर बसल्यावरच संपतो. गाडी हा त्या प्रवासाचा मधला तुकडा आहे. व्यवस्था कोलमडते ती बहुधा गाडीच्या अलीकडे किंवा पलीकडे, म्हणजे जिन्यावर, गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या फाटकापाशी, किंवा संध्याकाळी मुलाला उतरवून घ्यायला घरी कोणीच नसते तेव्हा.

लवचिक व्यवस्था म्हणजे रोज बदलणारी व्यवस्था, असा एक गैरसमज या कामात पहिल्याच महिन्यात त्रास देतो, म्हणून तो आधीच दूर करतो. मुलाच्या दृष्टीने प्रत्येक सकाळ कालच्यासारखीच असली पाहिजे; तीच वेळ, तोच चेहरा, तीच जागा. घर बदलले, प्लास्टर चढले, मदतनीस आजारी पडली, तरी ही सकाळ शक्य तितकी तशीच राहावी यासाठी पडद्यामागे जी जुळवाजुळव करावी लागते, तिला मी लवचिकता म्हणतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी : हक्क कोणता आणि मुले कोणती

काम सुरू करण्यापूर्वी आपल्या भागातला नियम लेखी स्वरूपात मिळवून वाचावा, कारण पुढे पैसे मागताना किंवा नकाराला उत्तर देताना तोच उपयोगी पडतो. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचे २४वे कलम शिक्षणाचा हक्क मान्य करताना प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवण्याचे बंधन सदस्य देशांवर घालते. भारतातील २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे १६वे कलम अपंग मुलांसाठी, आणि ज्यांना जास्त आधार लागतो अशा मुलांच्या मदतनिसांसाठीही, वाहतुकीच्या सोयीचा स्पष्ट उल्लेख करते. अमेरिकेत १९७५च्या कायद्यापासून ने-आण ही विशेष शिक्षणाला जोडलेली सेवा मानली जाते. तेथील १९८७च्या आणि पुढे विस्तारत गेलेल्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार, बेघर झालेल्या मुलाने पूर्वीच्याच शाळेत शिकावे असे ठरले आणि पालकांनी मागणी केली, तर तेथपर्यंतची ने-आण द्यावी लागते. इंग्लंडमध्ये सर्वांत जवळची योग्य शाळा आठ वर्षांखालील मुलाच्या घरापासून दोन मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ३.२ किलोमीटरपेक्षा, आणि त्याहून मोठ्या मुलाच्या घरापासून तीन मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटरपेक्षा दूर असेल तर मोफत वाहतूक मिळते. मात्र अपंगत्वामुळे मुलाला चालत जाणे शक्य नसेल तर हे अंतर आड येत नाही. नियम वाचताना नेमके हेच पाहायचे असते की, तो केवळ अंतर मोजतो की मुलाची गरजही पाहतो. केवळ अंतर मोजणाऱ्या नियमात शाळेपासून चारशे मीटरवर राहणारे, पण व्हीलचेअरवर असलेले मूल सहज निसटते.

यादी करताना प्रमाणपत्रांपासून सुरुवात करू नये, हजेरीपटापासून करावी. वारंवार उशिरा येणारी, सोमवारी हमखास गैरहजर राहणारी, मधल्या सुट्टीनंतर न दिसणारी आणि पावसात शाळा बुडवणारी मुले वेगळी काढली, की त्यांतल्या काहींच्या मागे ने-आणीचीच अडचण असल्याचे कळते. अपंगत्व आणि दीर्घ आजार यांच्या जोडीला निवारागृहात किंवा सांभाळासाठी सोपवलेल्या दुसऱ्या कुटुंबात राहणारी मुले, स्थलांतरित मजुरांची मुले, घरातील हिंसेमुळे पत्ता लपवावा लागणारी मुले, निर्जन रस्त्याने लांबवर चालत येणाऱ्या मुली आणि धाकट्या भावंडाला किंवा आजारी पालकाला सांभाळून मग शाळेला निघणारी मुले या यादीत यायला हवीत. तात्पुरत्या गरजांसाठी वेगळा रकाना ठेवावा. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे चालू न शकणारा विद्यार्थी कायमच्या यादीत बसत नाही, म्हणून त्याचा विचारच होत नाही, आणि त्या सहा आठवड्यांत बुडलेला अभ्यास वर्षभर त्याचा पाठलाग करतो.

दुसरी पायरी : घरी जाऊन, मुलाशीही बोलणे

ही पायरी फोनवर उरकू नये. घरी गेल्यावर दिसणारी गोष्ट फोनवर कळत नाही: जिना किती अरुंद आहे, गाडी दारापर्यंत येते की कोपऱ्यावर थांबते, पाऊस पडल्यावर वाटेत पाणी साचते का, सकाळी मुलाला तयार करणारी व्यक्ती त्याच वेळी स्वतः कामावर निघते का. मूल किती वेळ सलग बसू शकते, त्याला शौचासाठी किती वेळाने जावे लागते, गाडीत मळमळते का, उष्णता सोसते का, कोणता आवाज किंवा वास त्याला सहन होत नाही, तहान, वेदना किंवा भीती ते कशा रीतीने सांगते, हे सगळे विचारून लिहून घ्यावे.

यानंतर मुलालाच विचारावे. ज्या मुलाला बोलता येत नाही त्यालाही चित्रे दाखवून, गाडीत बसवून, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून विचारता येते. पालकांना ठाऊक नसलेल्या गोष्टी येथे बाहेर येतात: मागच्या बाकावरची मुले टोपी ओढतात, थांब्यावरचे कुत्रे अंगावर येते, सगळ्यांसमोर उचलून गाडीत ठेवलेले आवडत नाही. या शेवटच्या तक्रारीकडे विशेष लक्ष द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला रोज सर्वांसमोर उचलणे ही सोय नसून अपमान आहे, आणि अशा कारणाने शाळा सुटली तर ते कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

मिळालेली माहिती दोन भागांत ठेवावी. आजाराचे नाव, घरची परिस्थिती, न्यायालयीन आदेश हे समन्वयकाच्या कुलूपबंद फाइलीत राहील. चालकाला आणि मदतनिसाला मात्र काय करायचे तेवढेच कळावे. ‘बोलताना चेहरा समोर ठेवावा’, ‘अचानक हात धरू नये’, ‘आजोबांखेरीज कोणाच्याही हाती सोपवू नये’ एवढे वाक्य पुरेसे असते; त्यामागचे निदान किंवा कौटुंबिक कारण सांगण्याची गरज नसते.

तिसरी पायरी : त्याच वेळी, त्याच रस्त्याने स्वतः जाणे

नकाशावर बारा मिनिटांचा दिसणारा रस्ता सकाळच्या गर्दीत अर्ध्या तासाचा होतो. शिवाय नकाशा गाडीचा वेळ सांगतो, चढण्या-उतरण्याचा सांगत नाही. व्हीलचेअर लिफ्टने वर घेऊन, ती जखडून, पट्टे तपासून गाडी निघेपर्यंत प्रत्येक वेळी बरीच मिनिटे जातात, आणि अशी दोन मुले एका फेरीत असतील तर संपूर्ण वेळापत्रक बदलते. म्हणून शाळेच्या दिवशी, शाळेच्याच वेळेला, हातात घड्याळ घेऊन एकदा पूर्ण फेरी करावी आणि प्रत्येक थांब्यावरचा वेळ नोंदवावा.

फेरीची लांबी ठरवताना सर्वांत आधी चढणाऱ्या मुलाचा वेळ मोजावा, सरासरी नव्हे. सकाळी जे मूल पहिले चढते तेच संध्याकाळी शेवटी उतरत असेल, तर गाडीतला सगळा भार एकाच मुलावर पडतो. शक्य तेथे जे आधी चढले त्याला आधी उतरवावे. सलग बसल्याने ज्याच्या अंगावर जखमा होतात किंवा ज्याला ठरावीक वेळी औषध लागते, त्याची कमाल मर्यादा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी आणि फेरी त्या मर्यादेत बसवावी.

चौथी पायरी : पर्याय निवडणे आणि जोडणे

एकाच पर्यायात सगळी मुले बसवण्याचा मोह होतो, कारण हिशेब सोपा राहतो. प्रत्यक्षात एकाच मुलासाठीही दोन पर्याय जोडावे लागतात: सकाळी शाळेची गाडी, संध्याकाळी उपचारकेंद्रातून पालकांबरोबर, कोरड्या दिवसांत सायकल, पावसात बस.

अंतर कमी असेल आणि अडचण सोबतीची असेल, तर पायी फेरी हा अत्यंत समाधानकारक उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एन्गविक्ट यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली ही ‘चालती बस’ची कल्पना आता अनेक देशांत रुजली आहे. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या थांब्यांवर मुलांना घेत, दोन प्रौढ व्यक्ती पुढे आणि मागे राहून सगळ्यांना शाळेत नेतात. यात खर्च नगण्य असतो, पण शिस्त बसप्रमाणेच लागते: थांब्याची वेळ पाळली पाहिजे, नावांची हजेरी झाली पाहिजे आणि सोबत करणाऱ्यांपैकी एक जण आला नाही तर कोण येणार हे ठरलेले पाहिजे. एकट्याने चालायला घाबरणारी, नुकतीच त्या वस्तीत आलेली किंवा वाटेत त्रास दिला जाणारी मुले यात सहज सामावतात, आणि सगळेच चालत असल्यामुळे कोणाची गरज उघडी पडत नाही.

मध्यम अंतरासाठी सायकलीला कमी लेखू नये. बिहारमध्ये २००६ साली नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा तिचा परिणाम प्रामुख्याने माध्यमिक शाळेपासून दूर असलेल्या गावांत दिसला. मुली गटाने एकत्र जाऊ लागल्याने रस्त्याची भीतीही घटली. सायकल देताना पंक्चर आणि ब्रेक यांच्या दुरुस्तीची सोय त्याच कागदावर लिहावी, नाहीतर दोन महिन्यांत सायकल भिंतीला टेकते.

सार्वजनिक बस किंवा रेल्वे उपलब्ध असेल तेथे पास काढून देणे सोपे असते, परंतु पास म्हणजे प्रवास करता येणे असे नव्हे. मोठ्या वयाच्या, विशेषतः बौद्धिक अपंगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे प्रवास करायला शिकवता येते आणि ते शिक्षण त्यांना शाळा संपल्यावरही पुरते, म्हणून त्यावर खर्च केलेले आठवडे मी अतिशय मोलाचे मानतो. शिकवण्याची एक चांगली रीत शेवटापासून मागे जाण्याची आहे. प्रथम संपूर्ण प्रवास सोबत करायचा आणि फक्त शेवटचा टप्पा, म्हणजे उतरल्या थांब्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचे अंतर, विद्यार्थ्याने एकट्याने चालायचे. ते जमले की बसमधून उतरण्याचा टप्पा त्याच्याकडे द्यायचा, मग तिकिटाचा, मग बस ओळखण्याचा. अशा रीतीने शिकणाऱ्याचा प्रत्येक दिवस स्वतः मिळवलेल्या यशावर संपतो. यापुढे सोबत करणाऱ्याने वीस पावले मागून चालायचे, नंतर दुसऱ्या दाराने चढायचे, आणि मग केवळ दोन्ही टोकांना उभे राहायचे. बस चुकली, चुकीची बस धरली, थांबा ओलांडला, अनोळखी माणूस बोलू लागला, अशा प्रसंगांचा सराव मुद्दाम घडवून आणल्याशिवाय प्रशिक्षण पूर्ण झाले असे समजू नये. फोन नंबर असलेले कार्ड खिशात असावेच, पण ते कोणाला दाखवायचे हेही शिकवावे लागते.

कुटुंबालाच ने-आण करण्यासाठी खर्च देणे हा पर्याय विरळ वस्तीत, किंवा ज्या मुलाला परकी व्यक्ती मुळीच चालत नाही त्याच्यासाठी, उत्तम ठरतो. येथे एक चूक वारंवार होते. आधी खर्च करा, पावत्या द्या, महिनाअखेर पैसे मिळतील, असा नियम ज्या घरात महिनाअखेर पोहोचणेच कठीण असते त्या घरासाठी नकारासारखाच असतो. रक्कम आगाऊ द्यावी आणि हिशेब हजेरीवरून करावा. तसेच आई किंवा वडील यांना या ने-आणीसाठी रोजगार सोडावा लागत असेल, तर हा पर्याय स्वस्त दिसला तरी तो त्या कुटुंबावर लादू नये.

उरलेल्या मुलांसाठी गाडी लागते. दारापासून दारापर्यंत जाणारी लहान गाडी, कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत मदतनीस आणि पुढे सर्वांबरोबर मोठी बस, किंवा ज्या दिवशी गरज असेल त्याच दिवशी बोलावता येणारी ठरलेली टॅक्सी, या तिघांपैकी मी शक्य तेथे मधल्या पर्यायाला पसंती देतो. इतर मुलांबरोबर प्रवास करणे हा शाळेचाच एक भाग आहे. विशेष गाडी जितकी विशेष, तितके मूल एकटे पडते. अर्थात वैद्यकीय धोका असेल किंवा गर्दीच सहन होत नसेल, तर या तत्त्वासाठी मुलाला वेठीस धरू नये.

कधी कधी गाडीऐवजी वेळ बदलला तरी प्रश्न सुटतो. फाटकावरील गर्दी टाळण्यासाठी पंधरा मिनिटे आधी प्रवेश देणे, डायलिसिसच्या दिवशी तिसऱ्या तासाला हजेरी मान्य करणे, वर्ग तळमजल्यावर आणणे, यांसाठी केवळ मुख्याध्यापकांची सही लागते.

पाचवी पायरी : गाडी आणि तिच्यातली सुरक्षितता

व्हीलचेअरवरील विद्यार्थ्याला गाडीच्या आसनावर सुरक्षितपणे हलवता येत असेल तर ते सर्वांत चांगले, कारण गाडीचे आसन धडक सोसण्यासाठी बनवलेले असते. ते शक्य नसेल तर खुर्चीचे तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला असावे, आडवे कधीही नसावे. खुर्ची चार ठिकाणी, दोन पट्टे पुढे आणि दोन मागे, सांगाड्याच्या मजबूत भागाला बांधून जमिनीशी जखडावी. चाकांना किंवा सुट्या होणाऱ्या भागांना पट्टा अडकवू नये. खुर्ची बांधली म्हणजे मूल बांधले गेले असे होत नाही, ही गोष्ट नव्या चालकाला पुन्हा पुन्हा सांगावी लागते. मुलासाठी कमरेचा आणि खांद्याचा वेगळा पट्टा लागतो, आणि कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वर, ओटीपोटाच्या हाडांवर बसला पाहिजे. खुर्चीवर मूल नीट बसावे म्हणून लावलेले छातीचे पट्टे या कामाचे नसतात. जखडण्याच्या साधनांसाठी आयएसओ १०५४२ आणि वाहनात आसन म्हणून वापरायच्या खुर्च्यांसाठी आयएसओ ७१७६-१९ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. ठेका करताना आणि नवी खुर्ची घेताना त्यांची विचारणा लेखी करावी. खुर्चीला लावलेला ट्रे काढून वेगळा बांधून ठेवावा, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर मोकळा कधीच असू नये. लिफ्टवर घेताना विजेवर चालणारी खुर्ची बंद करून ब्रेक लावावा. अशी खुर्ची मुलासह खूपच जड होते, त्यामुळे लिफ्ट किती वजन पेलते हे आधी वाचून घ्यावे.

आजारांच्या बाबतीत डॉक्टरांनी लिहून दिलेली एक पानाची सूचना गाडीत असावी. आकडी आली तर गाडी बाजूला थांबवावी, वेळ पाहावी, डोक्याला मार लागणार नाही असे करावे, शक्य होताच कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा एकापाठोपाठ दुसरा आला, तर तातडीने रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह असलेल्या मुलाला ‘गाडीत काही खाऊ नये’ या नियमातून लेखी सूट द्यावी, कारण साखर घटल्यावर त्याला गोड पदार्थाची गरज त्याच क्षणी असते. दम्याच्या मुलाचा इन्हेलर मागे ठेवलेल्या दप्तरात न राहता हाताशी राहावा. उन्हात उभ्या गाडीत इन्सुलिन ठेवू नये.

आग लागली किंवा गाडी बुडू लागली तर खुर्चीसकट बाहेर काढायला वेळ मिळत नाही. अशा वेळी पट्टा कापण्याचे साधन चालकाच्या हाताला लागेल असे असावे, आणि कोणाला आधी व कसे उचलायचे याचा सराव वर्षातून किमान दोनदा, मुलांसह, घ्यावा.

सहावी पायरी : चालक आणि मदतनीस

या व्यवस्थेत पैसा कोठे वाचवू नये असे कोणी विचारले, तर मी मदतनिसाचे नाव घेईन. गाडी थोडी जुनी असली तरी चालते. पण मुलाला ओळखणारी, त्याचा न बोललेला शब्द समजणारी ताई रोज बदलली, तर नवी गाडीही उपयोगाची नाही. चालक आणि मदतनीस दोघांचीही पार्श्वभूमी, पूर्वीच्या ठिकाणचा अनुभव आणि चारित्र्य यांची पडताळणी नेमणुकीपूर्वी करावी, आणि बदली येणाऱ्या व्यक्तीलाही त्यातून वगळू नये. एकटे मूल एकट्या प्रौढाबरोबर दीर्घकाळ राहणार नाही अशी आखणी करावी.

बदली व्यक्ती आधीपासून ठरलेली असावी, आणि तिने महिन्यातून एखादी फेरी मूळ मदतनिसाबरोबर केलेली असावी, म्हणजे गरज पडेल त्या दिवशी तिचा चेहरा मुलाला नवा वाटणार नाही. स्वमग्न मुलांसाठी चालकाचा, मदतनिसाचा आणि गाडीचा फोटो असलेले छोटे कार्ड घरी द्यावे. उद्या बदल आहे हे आदल्या संध्याकाळी त्या कार्डावरून दाखवता येते. समजा रोजची पांढरी गाडी दुरुस्तीला गेली आणि दारात निळी गाडी उभी राहिली, तर मूल चढायला नकार देईल. त्याला हट्ट म्हणून ओढून चढवले तर पुढचे कित्येक आठवडे ते जुन्या गाडीलाही घाबरेल.

एक नियम कोणत्याही कारणाने शिथिल करू नये. प्रत्येक फेरी संपल्यावर चालकाने गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन, बाकांखालीही पाहून, मगच गाडी बंद करावी. झोपी गेलेले लहान मूल बंद गाडीत राहणे ही कल्पनेतली भीती नाही. जगभर अशा घटनांत मुलांचे जीव गेले आहेत.

सातवी पायरी : सोपवणे, पत्ता आणि गोपनीयता

प्रत्येक मुलाचा एक पानी प्रवास-आराखडा असावा. त्यात कोण सोपवते, कोण स्वीकारते, तिसरी व्यक्ती कोण, आणि कोणीच नसेल तर काय, एवढे तरी स्पष्ट लिहिलेले असावे. ‘कोणीच नसेल तर’ या ओळीचे उत्तर ‘शेजारी सोडावे’ असे असू शकत नाही. मुलाला गाडीतच ठेवून फेरी पूर्ण करायची, दरम्यान समन्वयकाने फोन करायचे, आणि शेवटी ठरलेल्या सुरक्षित जागी, बहुधा शाळेतच, परत न्यायचे, असा क्रम लिहून ठेवावा. अनोळखी व्यक्ती न्यायला आली तर विचारायचा परवलीचा शब्द कुटुंबाबरोबर ठरवावा.

निवारागृहातील मुलांच्या बाबतीत थांब्याला निवारागृहाचे नाव देऊ नये; जवळच्या चौकाचे द्यावे. इतर मुलांना ते मूल कोठे राहते हे कळू नये म्हणून त्याला सकाळी सर्वांत आधी घ्यावे आणि संध्याकाळी सर्वांत शेवटी सोडावे. जे आधी चढले त्याला आधी उतरवण्याचा वर सांगितलेला नियम येथे मोडतो, आणि मुलाचा गाडीतला वेळ वाढतो. अशा ठिकाणी लहान वळसा देऊन किंवा फेरीच उलट लावून वेळ कमी करता येतो का ते पाहावे. दोन्ही साधत नसेल तर निर्णय मूल आणि त्याचे पालक यांच्यावर सोपवावा. हिंसेमुळे पत्ता लपवलेल्या कुटुंबाचा थांबा फेरीच्या छापील कागदावर मुळीच नसावा, आणि गाडीचे स्थान दाखवणारे ॲप सर्व पालकांना खुले असेल तर त्यातूनही तो वगळला आहे याची स्वतः खात्री करावी. मुलाला भेटण्यास न्यायालयाने मनाई केलेली व्यक्ती पालक म्हणून त्याच ॲपवर नोंदलेली राहू शकते.

आठवी पायरी : पैसा

खर्च आसनामागे मोजू नये, पोहोचलेल्या दिवसांमागे मोजावा. स्वस्त ठेक्यातल्या गाडीने महिन्यात चार दिवस दांडी मारली, तर त्या चार दिवसांचे नुकसान मुलांनीच भरून काढलेले असते. ठेक्यात गाडी न आल्यास पर्यायी गाडी किती वेळात येईल, मूल गैरहजर असल्यास पैसे कसे आकारले जातील, आणि नवे मूल मध्येच जोडता येईल का, हे तीन मुद्दे नक्की असावेत. प्रत्येक गाडीत किमान एक आसन मोकळे ठेवावे. हिशेब तपासणाऱ्याला ते वाया गेलेले वाटेल. पण पत्ता अचानक बदललेल्या मुलाला दुसऱ्याच दिवशी शाळेत आणता येते ते याच आसनामुळे.

नववी पायरी : चाचणी आणि रोजचे बदल

मुलाची पहिली फेरी शाळेच्या दिवशी करू नये. सुट्टीच्या दिवशी मुलाला गाडी दाखवावी, बसवून पाहावे, पट्टे लावून पाहावेत, शाळेपर्यंत एक फेरी मारावी. पहिल्या आठवड्यात समन्वयकाने सकाळी शाळेच्या फाटकावर उभे राहावे. चिठ्ठीत लिहिलेल्या ‘सर्व ठीक’ यापेक्षा उतरणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरून अधिक कळते.

बदल कळवण्यासाठी एकच फोन नंबर आणि एकच वेळ ठरवावी, उदाहरणार्थ आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. चालकाने रस्त्यात कोणाच्याही तोंडी सांगण्यावरून थांबा बदलू नये. ‘आज आत्याकडे सोडा’ हे वाक्य कितीही साधे वाटले तरी ते समन्वयकाकडून येईपर्यंत जुनाच थांबा खरा. पत्ता बदलल्याची बातमी आली तर नवी फेरी किती दिवसांत लागेल याचे आश्वासन लेखी द्यावे, आणि तोपर्यंतच्या दिवसांसाठी टॅक्सी किंवा कुटुंबाला आगाऊ रक्कम अशी तात्पुरती सोय त्याच दिवशी करावी. मूल जुनी शाळा सोडते ते बहुधा या मधल्या दिवसांतच.

शाळा सुटल्यानंतरचा तास विसरू नये. जादा वर्ग, खेळाचा सराव आणि संमेलनाची तालीम यांनंतर गाडी नसेल, तर या मुलांच्या वाट्याला फक्त हजेरी येते, शाळा येत नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी उशिराची फेरी ठेवावी, आणि सहलीची गाडी ठरवताना लिफ्ट असलेली गाडी आहे का हे सहलीची जागा ठरवण्यापूर्वी विचारावे.

दर तिमाहीला प्रत्येक आराखडा उघडून पाहावा. हजेरी वाढली का, उशीर घटला का, सर्वांत लांब प्रवास किती मिनिटांचा झाला, कितीदा मुलाला घ्यायला कोणी नव्हते, हे आकडे वहीत असतीलच. त्यांच्याबरोबर मुलाची वाढलेली उंची, बदललेली खुर्ची, नवे औषध आणि नवी मैत्रीही पाहावी. काल ज्याला दारापर्यंत गाडी लागत होती, त्याला आज मित्रांबरोबर कोपऱ्यावरच्या थांब्यावर उभे राहायचे असते. तसे त्याने सांगितले, तर त्याच आठवड्यात मदतनिसाला दारापासून दहा पावले मागे उभे करून सराव सुरू करावा.